बंद पडलेली गाडी आणि आमचे निदान

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या गाडीवरून मला जितके ऐकून घ्यावे लागते, तितके माझ्या शिकवण्यावरूनही लागत नाही. गाडी म्हणजे 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. अप्पांनी ती 1991 मध्ये सेकंडहँड घेतली, आणि पहिल्या पंधरा वर्षांची मुदत संपल्यापासून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून आम्ही ती अजून बाळगून आहोत. ‘एखादी विश्वासाची गाडी घ्या हो आता,’ असे आमचे इतिहासाचे प्राध्यापक दर पावसाळ्यात सुचवतात. मी हसून वेळ मारून नेतो. पण गाडीच्या बाबतीत आपण विश्वास कशाला म्हणतो, या प्रश्नाने वर्षभर माझी पाठ सोडलेली नाही. त्याला निमित्त झाला चोर्ला घाटाचा रस्ता.

2025च्या मे महिन्यात साखळीला एका मुंजीसाठी आम्ही बेळगावहून निघालो. मी, आई, अप्पा आणि यंदा बारावीला असलेली भाची. जांबोटी मागे पडली, कणकुंबी जवळ आली, आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. अप्पा तत्काळ म्हणाले, ‘पेट्रोल उकळलं. फडकं ओलं कर.’ हा आमच्या घरचा जुना मंत्र. पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. चढावर इंजिन तापले, वरून ऊनही तापले, की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव पुढे ढकलण्यासाठी केलेला. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे काही जात नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी थांबते. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके टाकून स्वस्थ बसणे. आम्ही फडके टाकले, वीस मिनिटे सावलीत बसलो, बटाटेवडे खाल्ले, आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. अप्पांच्या चेहऱ्यावर सिद्धान्त सिद्ध झाल्याचे समाधान होते. घाट उतरायच्या आधी ती पुन्हा बंद पडली. पुन्हा फडके, पुन्हा वीस मिनिटे. मुंज हुकली, पंगत मिळाली.

परत आल्यावर मी कामाला लागलो. एका गॅरेजमध्ये सांगितले, कॉइल गेली. नवी घातली. दुसऱ्याने पंपाचे किट बदलायला लावले. प्लग जुने दिसत होते म्हणून तेही बदलले. खिसा बराच हलका झाला. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि गाडी सुतासारखी चालू लागली. मी मोठ्या समाधानाने श्रेय कॉइलला दिले, अप्पांनी पंपाला दिले. ऑक्टोबरच्या उन्हात वंटमुरीचा घाट चढताना ती तशीच, त्याच दोन आचक्यांनिशी थांबली.

या वेळी गाडी ओढून नेली ती गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, काय काय बदलले याची यादी सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि एकच विचारले, ‘सर, बंद पडल्यावर ठिणगी हाय का नाही ते बघितलासा काय?’

बघितले नव्हते. मी पदार्थविज्ञान शिकवतो, आणि बघितले नव्हते.

मिस्त्रींनी काही उघडले नाही. बॉनेट लावून गाडी अंगणात चालू ठेवली आणि चहा मागवला. अर्ध्या तासाने ती आचके देऊन बंद पडली. लगेच, म्हणजे इंजिन गरम असतानाच, त्यांच्या हाताखालच्या पोराने एका प्लगची वायर काढून पक्कडीने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि दुसऱ्याने स्टार्टर मारला. ‘स्पार्क इल्ल,’ पोरगा म्हणाला. मग मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरजवळच्या कंडेन्सरची वायर सोडवली आणि त्या जागी ट्रेमधला दुसरा कंडेन्सर चिमट्याने लटकवला. गाडी तिथल्या तिथे, गरम असतानाच, सुरू झाली. मला वाटले, झाले काम. पण त्यांनी नवा कंडेन्सर काढून जुना परत जोडला. गाडी बंद. पुन्हा नवा. गाडी सुरू. ‘आता बसवूया,’ ते म्हणाले. कंडेन्सरची किंमत आमच्या त्या दिवशीच्या चहा-भज्यांच्या आसपास होती.

मला जे लागले ते पुढे. या कंडेन्सरचे काम मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात रूमकॉर्फची जुनी इंडक्शन कॉइल आहे. तिच्यात प्रवाह तोडणाऱ्या टोकांशी ठिणगी पडून प्रवाह लवकर तुटत नाही, म्हणून 1853 मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या टोकांना कंडेन्सर जोडला. प्रवाह एकदम तुटला की लोहचुंबकीय क्षेत्र एकदम कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. पद्मिनीच्या बॉनेटखाली हेच आहे. 12 व्होल्टची बॅटरी, कॉइल, प्रवाह तोडणारे पॉइंट, आणि त्यांना जोडलेला, सुमारे पाव मायक्रोफॅरडचा, बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. तो गरम झाल्यावर दगा देऊ लागला की ठिणगी पिवळी, मरतुकडी होते आणि मग नाहीशी होते. थंड झाला की शहाण्यासारखा वागतो. विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न परीक्षेत पाच गुणांना घातला आहे. कणकुंबीच्या रस्त्यावर तोच प्रश्न मला पडला तेव्हा मी वडे खात बसलो होतो.

आणि ते ओले फडके? फडक्याने काहीच केले नव्हते. केले ते वीस मिनिटांनी. पंप थंड होण्याची आम्ही वाट पाहत होतो, त्या वेळात कंडेन्सरही थंड होत होता. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर, असे आम्ही धरून चाललो आणि बहुधा कित्येक वर्षे धरून चाललो होतो. मेमध्ये कॉइल बदलली आणि जूनमध्ये पावसाने हवा थंड केली. तिथेही तीच फसगत. पेट्रोलची वाफ होतच नाही असे माझे म्हणणे नाही. होते, आणि चांगली होते. पण ती झाली की ठिणगी गेली, हे ठरवायला जे दोन क्षण असतात ते गाडी बंद पडल्यानंतरचे पहिले दोन क्षण. ठिणगी निळी आणि कडकडीत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला. नसेल तर विजेच्या. एका तपासणीने अर्धी गाडी निर्दोष सुटते. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करायचे. (बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर मात्र ठिणगीच्या वाटेला जाऊ नये, आधी गळती शोधावी.) मिस्त्रींची सगळी विद्या या अर्ध्या-अर्ध्यात आहे, आणि एका वेळी एकच वस्तू बदलून ती पुन्हा उलट करून पाहण्यात. आम्ही तीन वस्तू बदलल्या आणि कशाने काय झाले हे कायमचे अंधारात ठेवले. त्यांनी एकच वस्तू तीनदा जोडली-सोडली आणि शंकेला जागा ठेवली नाही. प्रयोग कोणी केला आणि खरेदी कोणी केली, हे मी वेगळे सांगत नाही.

असाच प्रकार बॅटरीचा. जुन्या गाडीचा स्टार्टर रडत फिरू लागला की आपण बॅटरी बदलतो. मीही 2019 मध्ये बदलली आहे. पण स्टार्टर शंभर-शंभर अँपिअर खेचतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीला गंज चढून तिथे नुसता एक-पन्नासांश ओहमचा रोध आला, तरी 100 गुणिले 0.02, म्हणजे 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बाराचे दहा झाले. पट्टी सोडवून पॉलिश कागदाने घासली की गाडी तरुण होते. ओहमचा नियम अकरावीच्या मुलालाही येतो, पण तो प्रश्नपत्रिकेबाहेर भेटला की आपण त्याला ओळख दाखवत नाही.

इथे माझी तक्रार गाडीपेक्षा आपल्या प्रॅक्टिकलच्या तासाबद्दल आहे. आपण मुलांना जे प्रयोग देतो त्यांचे उत्तर जर्नलमध्ये आधीच लिहिलेले असते. मीटर ब्रिजवर काटा कुठे स्थिरावणार हे मुलाला वरच्या वर्गातल्या मुलाकडून कळलेले असते. जोडणी चुकली तर शिपाई येऊन दुरुस्त करून जातो, म्हणजे प्रयोगातला एकमेव शिकण्यासारखा भाग शिपायाच्या वाट्याला येतो! ‘हे चालत नाही, का चालत नाही ते शोधा,’ असा प्रयोग आपल्या अभ्यासक्रमात नाही. मला वाटते तो असावा. मोडीतले एक चार सिलिंडरचे इंजिन प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये ठेवावे, दर आठवड्याला त्यात एक दोष मुद्दाम करून ठेवावा, आणि मुलांनी तो शोधून कोणत्या क्रमाने शोधला ते लिहावे. उत्तराला कमी गुण, क्रमाला जास्त. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत आणि एवढ्या फाउंड्रीज ज्या गावात आहेत, तिथे असे इंजिन मिळणे अवघड नाही. आणि शिकवायला त्या मिस्त्रींना बोलवावे. ते अर्धे मराठीत, अर्धे कानडीत बोलतील. पॉइंट, प्लग, कचरा, एअर हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. या अंकाच्या दोन विभागांना जोडणारा तेवढाच एक शब्दकोश मला आजवर सापडला आहे.

आता इतिहासाच्या प्राध्यापकांच्या विश्वासाकडे येतो. जुन्या गाड्यांचे भक्त म्हणतात, ‘त्या काळचं लोखंडच वेगळं.’ मी या पंथाचा नाही, जरी गाडीवरून तसा समज होतो. 1957च्या सुमारास उत्तरपाड्याला ॲम्बॅसॅडर सुरू झाली आणि 2014 मध्ये थांबली. कुर्ल्याची फियाट 1970च्या दशकात पद्मिनी झाली आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात लाखो गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांतल्या बहुतेक भंगारात गेल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीसुद्धा 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरल्या. आज जी एखादी आपल्याला दिसते ती उरलेली आहे, आणि उरलेल्याकडे पाहून सगळ्यांची प्रकृती ठरवणे म्हणजे नव्वदीच्या आजोबांना पाहून ‘पूर्वी माणसे मरत नसत’ म्हणण्यासारखे आहे. आजच्या साध्या गाडीत पॉइंट नाहीत, कंडेन्सर असा वेगळा झिजत नाही, कार्ब्युरेटर नाही. ती माझ्या गाडीपेक्षा फार कमी वेळा बंद पडते, यात वाद नाही. फरक एवढाच की माझी बंद पडली तर का पडली हे मला पक्कड आणि डोके वापरून शोधता येते. ही सोय आहे. तिला विश्वासार्हता म्हणण्याची चूक मी बरीच वर्षे केली.

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या तरुणांनी मला विचारले तर मी मीटरवरचे किलोमीटर वाचत नाही. गाडी थंड असतानाच बघायला जातो. मालकाने आपण येण्याआधीच गरम करून ठेवली असेल तर तोच पहिला पुरावा. रेडिएटरचे झाकण (अर्थात इंजिन थंड असतानाच) उघडून गाडी चालू करतो. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा तेलाची काडी काढल्यावर तेल दुधाळ दिसले, तर हेडचे गॅस्केट गेले. थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारतो. आपल्याकडे गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आहे. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडावा तसा हा प्रकार. रेडिएटर चोंदलेला तो चोंदलेलाच राहतो, वर इंजिन कायम गार चालून पेट्रोल जास्त खाते आणि सिलिंडर झिजतात. मग धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे तेल जळते आहे. निळ्यातही फरक आहे, आणि तो ओळखायला घाटासारखी जागा नाही. गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून बराच उतार उतरावे आणि मग पाय दाबावा. त्या क्षणी मागे निळा भपका निघाला तर तेल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून येते आहे. चढावर जोर लागतो तेव्हा सतत निळा निघत असेल तर रिंगा गेल्या, आणि खर्च मोठा. हे सगळे पाहूनही गाडीच्या पूर्वायुष्याची वही नसेल तर मी किंमत पाडायला सांगतो.

वहीचा विषय निघाला म्हणून सांगतो. अप्पांची वही आहे. तीस वर्षांचे पेट्रोलचे भाव तिच्यात तारीखवार आहेत, टायर कधी घेतले ते आहे, कोणत्या देवस्थानाला गेलो ते आहे. गाडी बंद पडली तेव्हा गरम होती की थंड, एकदम पडली की आचके देऊन, ठिणगी होती की नव्हती, यातले एक अक्षर नाही. गेल्या वर्षी माझी पेट्रोलची एक रबरी नळी फुगून चिघळलेली निघाली. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, हे खरे आहे. पण माझी नळी त्यानेच गेली असे मी छातीठोक सांगणार नाही, कारण ती आधी कधी बदलली होती हे वहीत नाही. साधी म्हातारपणाने गेली असेल. कंडेन्सरने मला एवढे तरी शिकवले.

कंडेन्सर बसवून गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मी अंगणात सगळ्यांना ही कथा सांगत होतो. रूमकॉर्फपासून फिझोपर्यंत सगळे झाले. भाची ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, ‘मामा, सगळे गाडी सुरू कशी होईल तेच बोलताय. ती थांबते का नीट?’

मी म्हटले, थांबते की. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पेडल घट्ट आहे.

‘घाट उतरतानासुद्धा? तेव्हा ब्रेकचं तेल नाही का उकळत, पेट्रोलसारखं?’

मला तिथे गप्प व्हावे लागले. उकळते. घाटात सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, फुगून लायनरपासून लांब जातो, आणि लायनरची पकड कमी होते. ती उष्णता चाकातल्या ब्रेक सिलिंडरपर्यंत जाते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या साध्या तेलाचा उत्कलनबिंदू दोनशे अंशांच्या वर असतो, ओलावा धरल्यावर तो एकशे चाळीसपर्यंत उतरू शकतो. आणि एकदा नळीत वाफ झाली की तेच घडते जे अप्पा पंपाविषयी सांगत आले होते. द्रव दाब पुढे देतो, वाफ नुसती दबते, पेडल तळाला टेकते. अप्पांची वाफेची भीती खरी होती, फक्त ते इतकी वर्षे भलत्या जागी फडके टाकत होते. ब्रेकचे तेल शेवटचे कधी बदलले, ते पाहायला मी वही काढली. नव्हते लिहिलेले. मला आठवत नव्हते. अप्पांनाही आठवत नव्हते. त्याच गाडीतून मे महिन्यात मी आई-अप्पांना आणि त्या मुलीला घेऊन चोर्ला घाट उतरलो होतो, मुंजीला उशीर होईल या काळजीत.

गाडी बंद पडण्याची शरम मोठी असते. लोक बघतात, हॉर्न वाजवतात, स्टाफरूमपर्यंत बातमी पोचते. म्हणून तिच्यावर आपण पैसे खर्च करतो. थांबण्याची शक्ती हळूहळू जाते, ती कोणाला दिसत नाही. माझ्या गाडीला सीटबेल्ट नाहीत, समोरून धडक बसली तर स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे आहे, आणि ही उणीव कोणत्याही मिस्त्रीला भरून काढता येणार नाही. तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांना माझे उत्तर असे, की गाडी मी विकणार नाही. तिच्याकडून अजून शिकायचे आहे आणि गावात चाळीसच्या वेगाने बाजारापर्यंत ती मला पुरते. पण माणसे बसवून घाट उतरायला ती आता निघणार नाही. गोव्याला आम्ही बसने जाऊ. अप्पांना हा निर्णय मान्य नाही, आणि ते या लेखाला उत्तर लिहिणार आहेत, असे त्यांनी मला कळवले आहे.

सध्या गाडी अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चारही ड्रम उतरवले. मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर आतून गंजलेले निघाले, आणि डावीकडचा तर हलतच नव्हता, म्हणजे त्या चाकाला ब्रेक असा किती दिवस नव्हताच. तेल काढले ते चहाच्या रंगाचे होते. भाचीने वहीचे नवे पान उघडून तारीख घातली आहे आणि खाली लिहिले आहे: ‘मागचा डावा जाम. केव्हापासून, माहीत नाही.’